जिंकून आलेल्या सेनापतींनाच अथेन्सनं मारलं, यात लोकशाहीचा दोष किती?

शाईदौत:
अथेन्सच्या लोकशाहीचं कौतुक सगळे करतात पण अर्जिन्युसेचा खटला कोणी काढत नाही, म्हणून मुद्दाम हा धागा. साल इ.स.पू. ४०६, स्पार्टाशी युद्ध सुरू होऊन पंचवीस वर्षं झालेली. अथेन्सचा सेनापती कोनॉन याचं आरमार लेस्बॉस बेटावर मिटिलीनीच्या बंदरात कोंडलं गेलेलं, तिजोरी रिकामी. देवीच्या सोन्याच्या मूर्ती वितळवून नाणी पाडली, वल्ही मारायला माणसं पुरेनात म्हणून गुलामांनाही जहाजांवर चढवलं, आणि महिन्याभरात ११० जहाजं समुद्रात उतरवली. आठ सेनापती ती घेऊन गेले, वाटेत दोस्त शहरांची जहाजं मिळाली आणि अर्जिन्युसे बेटांजवळ लढाई जिंकली! स्पार्टाची सत्तरच्या आसपास जहाजं गेली, त्यांचा सेनापती कॅलिक्रॅटिडास बुडून मेला. अथेन्सची गेली २५. मग वादळ उठलं आणि फुटक्या जहाजांना धरून तरंगणाऱ्या आपल्याच माणसांना वाचवता आलं नाही. एवढ्यावरून नागरिकांच्या सभेनं आठही जणांना एकाच मतदानात मृत्युदंड दिला. दोघं परतलेच नव्हते, उरलेल्या सहांना मारलं, त्यात अथेन्सचा गाजलेला नेता पेरिक्लिस याचा मुलगा पण होता. माझं स्पष्ट मत आहे की युद्ध चालू असताना नेमणूक, चौकशी आणि शिक्षा तिन्ही एकाच सभेच्या हातात असतील तर ते शहर टिकत नाही. पुढच्याच वर्षी एगॉस्पोटामीला स्पार्टाच्या लायसँडरनं अथेन्सचं किनाऱ्यावर लागलेलं जवळजवळ सगळं आरमार पकडलं, आणि ४०४ मध्ये अथेन्स शरण गेलं.

खाडीकाठ:
"एवढ्यावरून" हा शब्द मला खटकला हो. एका ट्रायरीमवर, म्हणजे त्यांच्या वल्ह्यांच्या युद्धनौकेवर, २०० माणसं असायची, त्यातले १७० नुसते वल्हेकरी. २५ जहाजं म्हणजे हिशोब करा, काही वाचले असतील तरी हजारोंनी माणसं गेली, आणि तीही लढाई जिंकल्यानंतर, पाण्यात वाट बघत. हे वल्हेकरी बहुतेक गरीब, ज्यांच्याकडे ना घोडा ना चिलखत. त्यांचे बाप आणि भाऊ प्निक्सच्या टेकडीवर सभेला बसलेले होते. शिवाय ग्रीक माणसाला प्रेताला माती न मिळणं म्हणजे काय वाटायचं हेही लक्षात घ्या. त्यांनी जाब विचारला तर चुकलं कुठं? सेनापती वर्षाला हात वर करून निवडले जायचे आणि पद सोडताना हिशोब द्यायचा हा तिथला नियमच होता, पेरिक्लिसला सुद्धा ४३० मध्ये पदावरून काढून दंड केलेला आहे आणि पुढच्या वर्षी परत निवडलेला आहे.

शाईदौत:
जाब विचारण्याला माझा विरोध नाहीच, कसा विचारला ते बघा. पहिल्या दिवशी सेनापतींनी सांगितलं की वाचवायचं काम आम्ही थेरामेनिस आणि थ्रॅसिब्युलस या जहाजांच्या कप्तानांकडे दिलं होतं, ४७ जहाजं दिली होती, पण वादळापुढं कोणाचाच इलाज चालला नाही. खलाशांनी साक्षी दिल्या, लोकांना पटत चाललं होतं, जामीन राहायला पण माणसं उभी राहिली. तेवढ्यात अंधार पडला, वर केलेले हात दिसेनात म्हणून सभा पुढं ढकलली. मधे आला अपाटुरियाचा सण, ज्यात सगळे भाऊबंद एकत्र जमतात, आणि तिथं मेलेल्यांच्या जागा रिकाम्या दिसल्या. त्या काळचा इतिहासकार झेनोफन तर लिहितो की थेरामेनिसच्या लोकांनी काळे कपडे घातलेली, डोकं भादरलेली माणसं मेलेल्यांचे नातेवाईक म्हणून सभेत आणून बसवली. मग कॅलिक्सेनसनं प्रस्ताव आणला की आता भाषणं नकोत, आठही जणांचं एकदमच मतदान घ्या. युरिप्टोलेमस उठून म्हणाला हे कायद्यात बसत नाही, प्रत्येकाचा खटला वेगळा चालवा. तर लोक ओरडायला लागले की जनतेला हवं ते करू देत नाही म्हणजे काय! विरोध करणाऱ्यांनाही त्याच मतदानात घालायची धमकी दिली. त्या दिवशी सभेचं कामकाज बघणाऱ्या पन्नास जणांत सॉक्रेटिस होता, बाकीचे घाबरून गप्प बसले, तो एकटा नाही म्हणाला. हे जाब विचारणं नाहीये.

गडकोट:
दोघांचंही वाचलं. मला वाटतं मूळ प्रश्न वेगळाच आहे, युद्धाला एक डोकं लागतं. अथेन्सकडे दहा सेनापती आणि वर हजारोंची सभा, स्पार्टाकडे एक हुकूम. जिंकणार कोण हे ठरलेलंच होतं.

खाडीकाठ:
गडकोट, स्पार्टात एक हुकूम कधी होता? दोन घराण्यांचे दोन राजे, त्यांच्यावर नजर ठेवायला दरवर्षी निवडलेले पाच इफोर, शिवाय म्हाताऱ्यांची परिषद. आरमाराच्या प्रमुखाला दुसऱ्यांदा नेमायचं नाही असा त्यांचा कायदा होता. म्हणून ४०५ मध्ये लायसँडर हवा होता तेव्हा दुसऱ्याच कोणाला तरी प्रमुख म्हणून नेमलं आणि याला दुय्यम म्हणून पाठवलं. आणि स्पार्टा जिंकला तो मुख्यतः इराणी पैशावर, राजपुत्र सायरसनं वल्हेकऱ्यांचे पगार दिले म्हणून. शिस्तीचं श्रेय द्या पण पैशाचं विसरू नका. एका डोक्याचा कारभार अथेन्सनंही बघितलाय की, ४०४ मध्ये स्पार्टाच्या पाठिंब्यावर तीस जण सत्तेवर बसले, त्यात हाच थेरामेनिस होता, आणि शेवटी त्यालाही त्याच्याच साथीदारांनी विष प्यायला लावलं. काही महिन्यांत दीड हजाराच्या आसपास माणसं मारली त्यांनी, कसली सभा आणि कसलं मतदान.

गडकोट:
तीस म्हणजे एक डोकं नव्हे, ती टोळी होती. मी म्हणतोय ते पेरिक्लिससारख्या माणसाबद्दल, जो वर्षानुवर्षं निवडून येत राहिला आणि लोकांना नको असलेलं पण तोंडावर सांगायचा. तो ४२९ मध्ये साथीत गेल्यावर तसा कोणी झालाच नाही. सिसिलीवरच्या मोहिमेचंच बघा ना, ४१५ मध्ये निकिअस नको नको म्हणत होता, त्यालाच सेनापती करून पाठवलं, ज्याला जायचं होतं त्या अल्किबायडिसला मोहीम चालू असतानाच खटल्यासाठी परत बोलावलं, तर तो सरळ स्पार्टाला जाऊन मिळाला.

शाईदौत:
सिसिलीबद्दल पूर्ण सहमत. पण मग पेरिक्लिससारखा माणूस नसेल तेव्हा काय करायचं? तो नसतानाच तर कायद्याची गरज लागते. खाडीकाठ, तुम्ही वल्हेकऱ्यांच्या बाजूनं लिहिलंत ते मला मनापासून पटलं, पण आठ जणांपैकी कोण किती जबाबदार होता हे त्या बापांना तरी कळलं का? एक सेनापती तर स्वतःच बुडालेल्या जहाजावर होता, कसाबसा वाचला, त्याला पण बाकीच्यांबरोबरच धरलं! थोड्याच दिवसांत लोकांना पश्चात्ताप झाला, कॅलिक्सेनसवर खटला भरायचं ठरलं, तो पळाला, नंतर परत आला तर सगळ्यांनी तोंड फिरवलं आणि उपाशी मेला. पण गेलेले सहा जण परत येणार होते का?

खाडीकाठ:
पश्चात्तापावर थांबले नाहीत ते, हे पण लिहा ना. ४०३ मध्ये लोकशाही परत आली तेव्हा कायदे नव्याने तपासून लिहून काढले, आणि सभेचा ठराव कायद्याच्या वर जाणार नाही असा नियम केला. तीस जणांच्या साथीदारांनाही बहुतेकांना माफी दिली. स्वतःला असा लगाम घालणारी राजवट त्या काळात दुसरी दाखवा. आणि तुमच्या खटल्याचा अजून एक परिणाम सांगते. ३७६ मध्ये नॅक्सोस बेटाजवळ अथेन्सच्या कॅब्रियसनं स्पार्टाचं आरमार हरवलं, तेव्हा इतिहासकार डायोडोरस लिहितो की त्याला अर्जिन्युसेची आठवण झाली, म्हणून पाठलाग सोडून त्यानं पाण्यातली आपली माणसं उचलली आणि मेलेल्यांना माती दिली.

शाईदौत:
तोच डायोडोरस पुढं लिहितो की पाठलाग केला असता तर शत्रूचं अख्खं आरमार सहज संपलं असतं. म्हणजे तीस वर्षांनंतरही अथेन्सचा सेनापती समोरच्या शत्रूपेक्षा घरच्या सभेला जास्त घाबरत होता.

खाडीकाठ:
घाबरू दे की. लढाई तर जिंकलाच ना तो, आणि पाण्यातले वाचले. शत्रूची राहिलेली जहाजं परत कधीतरी बुडवता येतात.