केकमधला खून सांगलीत का नको?

बेकिंग स्पर्धेत खून होतो अशी रहस्यकादंबरी विलायतेत, तिथल्या टीव्हीवरच्या बेकिंग स्पर्धेसारख्या तंबूतच शोभते, आपल्याकडे तो खून ओढूनताणून आणल्यासारखा वाटेल, असं या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय. मला अजिबात पटलं नाही. अशा कादंबरीला कुणाला बाहेर पडता येणार नाही अशी जागा लागते आणि पदार्थातूनच उलगडणारा धागा लागतो. सांगलीत दोन्ही आहे.

२०१९च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. अशा पुरात एखाद्या मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर स्पर्धक, परीक्षक आणि एक प्रेत अडकू दे. बोट येईपर्यंत सगळेच संशयित! (ओव्हनला वीज कुठली, असं विचारणार असाल तर गॅसचा घ्या.)

धाग्याला हळद आहेच. हळदीत सोडा जास्त झाला की ती लाल पडते. पिवळाधमक निघायला हवा तो केक कापल्यावर आत तांबूस निघाला, म्हणजे बेकिंग पावडरच्या (सोडा आणि तो मारणारं आम्ल यांच्या मिश्रणाच्या) डब्यात कुणीतरी नुसता सोडा भरला होता. त्या डब्याला हात कुणाकुणाचा लागला, इथून तपास सुरू.

फक्त सायनाइड नको बुवा. केकमध्ये घातलेल्या दह्याच्या आंबटपणाने त्याचा विषारी वायू होतो, आणि तो २६ अंशांच्या आसपासच उकळतो. १८० अंशांच्या ओव्हनपुढे परीक्षकाआधी केक करणाराच आडवा व्हायचा. शिवाय तो कडू बदामाचा वास अनेकांना जन्मतःच येत नाही. कादंबरीतल्या गुप्तहेराला मात्र दरवेळी बरोब्बर येतो!