सांता फेमध्ये दोघांचा निवांत दिवस

प्रश्न: आम्ही नाशिकचे पतीपत्नी मुलीकडे अमेरिकेत आलो असून, न्यू मेक्सिकोतील सांता फे हे कलावंतांचे गाव एका दिवसात, धावपळ न करता पाहू इच्छितो. सुरुवात कोठून करावी?

उत्तर १: प्लाझा चौकातून. तेथील सतराव्या शतकातील ‘पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स’ या जुन्या गव्हर्नरांच्या वाड्याच्या ओसरीत मूळ निवासी कारागीर स्वतः घडवलेले चांदीचे व पिरोजाचे दागिने मांडून बसतात, आपल्या सराफ बाजारात रमणाऱ्यांनी येथे मुळीच घाई करू नये.

उत्तर २: दुपारी १९९७ मध्ये सुरू झालेले अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओ’कीफ यांच्या चित्रांचे संग्रहालय पाहावे, मग मातीच्या रंगाच्या घरांमधील कलादालने बघत कॅन्यन रोडवर पायी फिरावे, मला तोच भाग सर्वाधिक प्रिय आहे.

उत्तर ३: गाव सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे सावकाश चालावे.