वहिनींना कसं सांगू, दादा रात्री दोन वाजता कशाला हसायचे?

रातपाळी_कोथरूड
नमस्कार मंडळी. आमचे दादा या महिनाअखेर निवृत्त होतायत. २७ वर्षं डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारे, आणि मी त्यांच्याच हाताखाली तयार झाले. शनिवारी निरोप समारंभ आहे, घरची मंडळीही येणार आहेत. परवा आमंत्रण द्यायला घरी गेले तर वहिनी म्हणाल्या, "अगं, कित्येक वर्षं विचारीन म्हणतेय. रात्री दोनला फोन वाजतो, हे दचकून उठतात आणि पाच मिनिटांत हसायला लागतात. एवढं काय असतं गं हसण्यासारखं?"

भाषण माझ्याकडे आहे आणि मला वहिनींना खरं उत्तर द्यायचंय. "एक क्वेरी हॉटेलात शिरते, दोन टेबलांपाशी जाते आणि विचारते, मी जॉइन होऊ का?" हा आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी ऐकवतात तो विनोद. (क्वेरी म्हणजे डेटाबेसला दिलेलं काम, टेबल म्हणजे त्यातला तक्ता, आणि दोन तक्ते जोडणं म्हणजे जॉइन.) तो सांगितला तर वहिनी भलेपणाने हसतील, पण कळणार काहीच नाही. तुमच्याकडचे असे विनोद सांगा जे घरच्या माणसाला समजतील, पण आतली गोष्ट चुकणार नाही. चुकलेली दादांना खपत नाही, ते भर समारंभात उठून दुरुस्ती करतील.

नळकोंडाळं
आमच्या टीमचा लाडका विषय 'नल'. आम्ही त्याला नळच म्हणतो, आणि गंमत म्हणजे तो नळानेच नीट समजतो.

सोसायटीत पाण्याचे मीटर वाचायला माणूस येतो. २०१ मध्ये आकडा शून्य, म्हणजे त्यांनी पाणी वापरलंच नाही. ३०४ ला कुलूप, म्हणून रकाना कोरा. हा कोरा म्हणजे नल. शून्य नव्हे, फक्त "माहीत नाही". आता ३०४ ला कुलूप आणि ५०२ लाही कुलूप. मग दोघांनी सारखंच पाणी वापरलं म्हणायचं का? नाही म्हणता येत. म्हणूनच नल बरोबर नल विचारलं तर डेटाबेस 'हो' म्हणत नाही. सरासरी काढतानाही तो कुलूपवाल्यांना मोजतच नाही.

वहिनींनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये हेच भांडण ऐकलेलं असणार. दादांसाठी पुढचं: रिलेशनल, म्हणजे तक्त्यांत माहिती ठेवणाऱ्या डेटाबेसचे जनक एडगर कॉड यांनी १९८५ साली त्याचे बारा नियम मांडले, त्यातला तिसरा या नलबद्दलच आहे. आणि ते बारा नियम मोजायला गेलं तर तेरा भरतात, कारण सुरुवात शून्य क्रमांकापासून आहे. आमच्याकडे बारा वस्तू आणायला सांगितल्या की कोणीतरी हटकून तेरा आणतो आणि म्हणतो, "कॉडच्या हिशेबाने."

घाटातली_एसटी
डेडलॉक सांगा, म्हणजे दोन कामं एकमेकांसाठी अडून बसणं. वरंध घाटात अरुंद वळणावर दोन एसट्या समोरासमोर. दोघी म्हणतात, तू हल मग मी हलते. एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस अशा वेळी ज्या गाडीला कमी मागे जावं लागेल तिलाच रिव्हर्स घ्यायला लावतो आणि १२०५ नंबरच्या एररची चिठ्ठी हातात देतो. जेवणाच्या सुट्टीत दोघं एकदम दारात आले की आमच्यात "१२०५ कोण?" असं विचारतात. जो दाराजवळ कमी पुढे आलाय तो मागे सरतो.

जर्सीकर_काका
मी तीस वर्षं न्यू जर्सीत आहे. इथे ऑक्टोबरअखेर दारोदार भोपळे मांडले की मला हमखास 'हॅलोविन प्रॉब्लेम' आठवतो. १९७६ च्या हॅलोविनला आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेत पॅट सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो सापडला, म्हणून त्या दिवसाचं नाव त्याला चिकटलं. २५,००० डॉलरपेक्षा कमी पगार असलेल्यांना १० टक्के वाढ द्या, एवढीच साधी क्वेरी. चालवून बघतात तर कोणाचाच पगार २५,००० च्या खाली उरला नव्हता!

वहिनींना पंगतीने सांगा. वाढपी जिलबी वाढत निघालाय. नियम असा, की ज्याला वाढलं त्याने उठून पंगतीत पुढे जाऊन बसायचं. वाढपी पुढे येतो तर तोच गडी परत समोर, त्याला परत जिलबी. पानात पंचवीस होईपर्यंत हे चालतंच. पगाराच्या क्रमाने वाचत जाताना पगारच बदलला की माणूस असा पुढे सरकतो. उपाय आजीला विचारला तरी सुचेल: आधी नावं लिहून घ्या, मग वाढायला घ्या. डेटाबेस आजही जवळपास तेच करतो.

मला या विनोदाचं फार अप्रूप आहे. चूक सापडली तेव्हा त्यांनी तिला आकड्यांचं नाव न देता सणाचं दिलं, म्हणून ती इतक्या वर्षांनी माझ्यासारख्याच्या तोंडात राहिली.

बिनसाहेबाचा_किंग
ओरॅकल या डेटाबेसवर शिकलेल्यांना सरावाचं लॉगिन 'स्कॉट' आणि पासवर्ड 'टायगर' आठवतातच. स्कॉट म्हणजे तिथले सुरुवातीचे एक कर्मचारी ब्रूस स्कॉट आणि पासवर्डातला टायगर म्हणजे त्यांच्या घरचं मांजर. त्या सरावाच्या टेबलात १४ माणसं, आणि किंगच्या साहेबाचा रकाना नल. आमच्याकडे मॅनेजर रजेवर गेले की म्हणतात, "आज सगळे किंग."

स्पष्ट_बोलतो
राग मानू नका, पण निरोपाला विनोद कशाला? त्या बाईंनी २७ वर्षं अर्ध्या झोपेतून फोन ऐकलेत, दिवाळ्या एकटीने केल्यात. त्यांना जिलबीची पंगत ऐकवून काय होणार? त्या रात्री नेमकं काय घडत होतं तेवढं सांगा.

रातपाळी_कोथरूड
सगळ्यांचे आभार. नळ, घाट आणि पंगत, तिन्ही घेतेय. पण स्पष्ट_बोलतो, तुमचं वाचून कालपासून एकच रात्र डोळ्यांपुढे आहे. तीच सांगणार.

मार्च २००९, वर्षअखेरचं काम, एका सहकारी बँकेचा डेटाबेस. एका शाखेच्या ३८ खात्यांचा व्याजदर बदलायचा होता. मी अपडेट लिहिलं, माउसने ओढून निवडलं, चालवलं. शेवटची ओळ निवडीत आलीच नव्हती. व्हेअरची, म्हणजे कुठे बदल करायचा ते सांगणारी. पडद्यावर आकडा आला चार लाखांच्या वर. हात बर्फ झाले. दादांना फोन लावला.

त्यांनी एकच विचारलं, "कमिट दिलंस?" म्हणजे बदल कायमचा पक्का केलास का.
"नाही."
"मग काही गेलेलं नाही. रोलबॅक लिही आणि कीबोर्डपासून लांब बस."

रोलबॅक, म्हणजे झालेले बदल उलटे फिरवणं, संपेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी म्हटलं, सेशन, म्हणजे माझी डेटाबेसशी जोडणी, मारून टाकते, लवकर सुटेल. ते म्हणाले, "मारलंस तरी जेवढं मागे न्यायचंय तेवढं न्यावंच लागणार, उगाच हात लावू नकोस." आणि मग विचारलं, "काय गं, तुझा 'कुठे' कुठे गेला?" मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी रडता रडता हसले. तेही हसले. मागून वहिनींचा आवाज आला, "काय झालं हो?"

पुढची चाळीस मिनिटं त्यांनी फोन ठेवला नाही. एकामागून एक विनोद, क्वेरी हॉटेलात शिरते तोसुद्धा. त्यांना मला हसवायचं होतं कारण घाबरलेली मुलगी कीबोर्डला हात लावते, आणि त्या रात्री हात लागणं परवडणारं नव्हतं. वहिनींनी ऐकलं ते हे हसणं. नंतर टीममधल्या किती पोरांसाठी ते असे जागले, त्याची मोजदाद माझ्याकडे नाही. पण शनिवारी त्यातली नऊ जण हॉलमध्ये असतील, आणि मी त्यांना उभं राहायला सांगणार आहे.

तीन वाजून दहा मिनिटांनी रोलबॅक संपला. दादा म्हणाले, "आता परत लिही. पण अपडेटच्या आधी काय?"

मी तोच व्हेअर घेऊन आधी नुसता काउंट काढला. ३८ आले.