के-एप्सिलॉनचं रंगीत चित्र म्हणजे उत्तर नव्हे

भोवरा:
भांडण काढायलाच आलोय, आधीच सांगून ठेवतो. संगणकावर प्रवाहाचं गणित करताना आपण बहुतेक जण मेश (जागेचे बारीक तुकडे) बनवतो, के-एप्सिलॉन (भोवऱ्यांची ऊर्जा आणि ती विरण्याचा वेग धरून टर्ब्युलन्सचा, म्हणजे खळबळत्या प्रवाहाचा, अंदाज बांधणारं मॉडेल) निवडतो, रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) खाली आले की लाल-निळं चित्र अहवालात चिकटवून मोकळे होतो. ते चित्र नेव्हिअर-स्टोक्सचं, म्हणजे प्रवाहाच्या मूळ समीकरणांचं, उत्तर नसतं. रेनॉल्ड्सने १८९५ साली वेगाची 'सरासरी अधिक चढउतार' अशी फोड केली, तेव्हा समीकरणांत सहा नवे ताण उपटले आणि ते सोडवायला नवं समीकरण एकही मिळालं नाही. ते भगदाड आपण बुसिनेस्कच्या १८७७ च्या कल्पनेने बुजवतो, की भोवरे म्हणजे जणू द्रवाचा वाढीव चिकटपणा. वर पाच स्थिरांक: ०.०९, १.४४, १.९२, १.० आणि १.३. बेतून घेतलेले.

चौकोनी नळीतला सरळ प्रवाह घ्या. टर्ब्युलन्स असला की प्रवाह हळूच कोपऱ्यांकडे वळतो, मुख्य वेगाच्या जेमतेम एक-दोन टक्के. नेहमीचं के-एप्सिलॉन तिथे शून्य दाखवतं. कमी नव्हे, शून्य! मेश कितीही बारीक करा. मग एलईएस (मोठे भोवरे थेट सोडवायचे, फक्त लहानांसाठी मॉडेल) का नको?

पंखेवाला:
भोवरासाहेब, त्या एक-दोन टक्क्यांनी नळीतल्या दाबाच्या घटीचा आकडा कितीसा हलतो? मला तोच हवा असतो.
आणि 'बेतलेले' म्हणजे हवेतून आणलेले नव्हेत. भिंतीजवळच्या थरात कातरताण (थर एकमेकांवर घसरताना येणारा ताण) हा भोवऱ्यांच्या ऊर्जेच्या साधारण ०.३ पट भरतो, त्याचा वर्ग ०.०९. प्रवाहात ठेवलेल्या जाळीमागे टर्ब्युलन्स कसा विरत जातो त्याची मोजमापं झाली, त्यावरून १.९२ च्या आसपासचा आकडा आला. शिवाय मला अंतिम सत्य नको असतं. पात्याचे दहा आकार असतात, त्यातला बरा कोणता एवढंच कळायला हवं. चूक दहाही ठिकाणी सारखीच होते.

भोवरा:
सारखीच होते हे कुणी सांगितलं? वाकड्या पट्टीने मोजून तुलना करता येते, पण दर वेळी पट्टी तेवढीच वाकडी असेल तर. एका पात्यावर प्रवाह चिकटून राहतो, दुसऱ्यावर सुटतो. के-एप्सिलॉन वाढत्या दाबातसुद्धा प्रवाह चिकटवून ठेवतं. म्हणजे वाईट पातं चांगलं दिसणार आणि तुम्ही नेमकं तेच निवडणार.

पंखेवाला:
हे मान्य. म्हणूनच तर १९९४ मध्ये मेंटरचं एसएसटी हे मॉडेल आलं. भिंतीजवळ के-ओमेगा हे दुसरं मॉडेल, बाहेर के-एप्सिलॉन, शिवाय कातरताणाला लगाम. प्रवाह सुटण्याची शंका असेल तिथे के-एप्सिलॉन मी वापरतच नाही. तुम्ही तीस वर्षांपूर्वीच्या शत्रूशी लढताय.

भिंतीलगत:
दोघांनाही थोडं थांबवतो. एलईएस म्हणजे सोवळं असं भोवरांना वाटतंय का? त्यात लहान भोवऱ्यांसाठी वापरतात ते मॉडेल स्मॅगोरिन्स्कीने १९६३ साली वातावरणाच्या गणितासाठी मांडलं. त्यातला स्थिरांक सिद्धांताने ०.१७ च्या आसपास येतो. चॅनेलमधल्या प्रवाहात तो चालत नाही, म्हणून ०.१ घेतात. भिंतीशी तोही जास्त होतो, म्हणून आणखी दाबतात. हे बेतणं नाही तर काय? भिंतीलगतचे 'मोठे' भोवरेसुद्धा इतके चिमुकले असतात की रेनॉल्ड्स अंक (चिकटपणाच्या मानाने प्रवाहाचा जोर) वाढला की वॉल मॉडेल (भिंतीलगतचा प्रवाह न सोडवता अंदाजाने धरणं) लावावं लागतं, म्हणजे सरासरीचा विचार मागच्या दाराने आलाच.

मॉडेलच नको असेल तर डीएनएस, म्हणजे सगळे भोवरे थेट सोडवणं. किम, मोइन आणि मोझर यांनी १९८७ साली साध्या चॅनेलसाठी सुमारे ४० लाख बिंदू वापरले, आणि तेही भिंतीच्या घर्षणावर बेतलेला रेनॉल्ड्स अंक फक्त १८० असताना. हा अंक दहापट केला की काम ढोबळमानाने हजार ते दहा हजारपट होतं. विमानाच्या पंखासाठी किती, तुम्हीच मोजा.

माझा स्वतःचा फजितीचा अनुभव सांगतो. भरड मेशवर एलईएस चालवलं. काय देखणे भोवरे आले! सगळे खूश. ड्रॅग (प्रवाहाचा रोध) मोजमापाशी ताडून पाहिला तर रॅन्सपेक्षाही (के-एप्सिलॉनसारख्या सरासरीवरच्या मॉडेलांपेक्षाही) लांब. भोवरे दिसले की माणूस आकडा तपासायचंच विसरतो, मीसुद्धा विसरलो होतो.

नवखा:
आता मशीन लर्निंगने मॉडेल शिकवतात ना? मग हा वादच मिटेल.

पंखेवाला:
ज्या प्रवाहांवर शिकवलं तिथे झकास. नव्या आकाराचं काय? पाचाऐवजी लाखभर स्थिरांक बेतले, एवढंच.

भोवरा:
चला, या एका वाक्यावर तरी आपलं जमलं. भिंतीलगत, तुमचा मुद्दा लागला. एलईएसला सोवळं म्हणणं मागे घेतो. मूळ तक्रार मात्र कायम आहे. अहवालात मॉडेलचं नाव, मेशच्या भिंतीजवळच्या पहिल्या पेशीचा वायप्लस (तिचं भिंतीपासूनचं अंतर, तिथल्या घर्षणाच्या मापात), आणि तोच आकडा दुसऱ्या मॉडेलने किती येतो, हे तिन्ही लिहिलेलं असावं. यात जड काय आहे?

पंखेवाला:
दोन मॉडेलांचे दोन आकडे दिले की समोरचा विचारणार, यातला खरा कोणता?

भोवरा:
विचारू दे की.