७१ च्या लढाईचं मेडल रेकॉर्डवर कसं चढवायचं?

मी खानापूरकडचा, मराठा लाइट इन्फंट्रीचा रिटायर्ड नाईक. १९७१ ला पूर्वेच्या आघाडीवर होतो, पण डिस्चार्ज बुकात (निवृत्तीवेळी मिळणारं नोकरीच्या नोंदीचं पुस्तक) संग्राम मेडल तेवढं, पूर्वेच्या आघाडीवर लढलेल्यांना मिळणारं 'पूर्वी स्टार' मेडल नाही. ते पान वाळवीनं खाल्लंय, आर्मी नंबर दिसतो. पेन्शन मिळते, पैशाचं काही नाही ओ. कुठं अर्ज करू?

उत्तर १: काका, नंबर आहे म्हणजे निम्मं काम झालं. रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे. पलटण, तारखा लिहा, बुकाची झेरॉक्स जोडा, स्पीड पोस्टानं पाठवा.

उत्तर २: तोवर बाजारातलं डुप्लिकेट मेडल आणू नका. कंपनीतलं कोण हयात असेल तर त्यांच्या बुकाची झेरॉक्सही लावा.

प्रश्नकर्ता: एकजण हाय निपाणीला. कान गेलेत त्याचे, फोनवर नुसता शिमगा! उद्या एस्टीनं जाऊन येतो.