केसांसाठी घेतलेली औषधं, औषधांनी नेलेले केस: तुमचे अनुभव लिहा

अर्धचंद्र

उशीच्या अभ्र्यावर सकाळी किती केस सापडतात ते मी एके काळी मोजायचो. मोजून वहीत लिहायचो. एकसष्ट, अठ्ठेचाळीस, त्र्याऐंशी. डोक्यावर साधारण १ लाख केस असतात आणि रोज ५० ते १०० गळणं हिशोबातलंच असतं, हे वाचून पाठ झालं होतं. तरी त्र्याऐंशीच्या दिवशी कामात लक्ष लागायचं नाही.

चौतिसाव्या वर्षी मिनॉक्सिडिल ५ टक्के हे डोक्याला लावायचं औषध सुरू केलं. पाचव्या आठवड्यात न्हाणीघराच्या जाळीवर ओंजळभर केस! बाटली तशीच कचऱ्यात टाकली. औषध केस वाढवायला आणलं की काढायला, असं मनात म्हटलं आणि पुढची दोन वर्षं टोपी घालून हिंडलो. मग एका त्वचारोगतज्ज्ञांनी समजावलं. केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग थांबतो, साधारण ३ महिने नुसता बसून राहतो आणि मग गळतो. मिनॉक्सिडिल या बसून राहिलेल्यांना आधीच बाहेर काढतं, म्हणजे नव्याला जागा होते. मी घाबरून सोडलं ते नेमकं औषध कामाला लागल्यावर.

त्यातूनच दुसरी गोष्ट कळली. आज गळतोय तो केस बहुतेक वेळा तीन महिन्यांपूर्वीच्या भानगडीचा असतो. तेव्हाचा ताप, तेव्हाची शस्त्रक्रिया, तेव्हा सुरू झालेली गोळी. आपण मात्र परवा बदललेल्या शांपूला धरतो.

दुसऱ्या खेपेला आठव्या महिन्यात माथ्यावर फरक दिसला. कपाळाच्या कोपऱ्यांना काहीही झालं नाही, ते गेले ते गेलेच. मध्यंतरी चार महिने आळस केला तर मिळवलेलं सगळं गमावलं. आता सहा वर्षं झाली, रोज रात्री दात घासतो तसं लावतो.

तर लिहा. औषध कोणतं, किती दिवस, फरक कधी पडला, त्रास काय झाला, सोडलं तर का. आणि दुसऱ्याच आजाराच्या औषधाने केस गेले असतील तर तेही लिहा, त्याबद्दल फार कमी बोललं जातं. 'आमचं तेल लावून बघा' वाल्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.

भांगरेषा

मी त्या दुसऱ्या गटातली. फिट्स येतात म्हणून व्हॅलप्रोएट सुरू झालं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात भांग रुंद व्हायला लागला. आधी बोटभर पांढरी पट्टी, मग आरशात डोक्याची कातडीच दिसायची. मी पाणी बदललं, फणी बदलली, उशीचा अभ्रासुद्धा रेशमी घेतला. गोळीचा संशय आला तो पाकिटातला कागद वाचल्यावर.

इथे एक कबुली. मी दोन दिवस गोळी घेतली नव्हती. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात पडले, जीभ चावली गेली. भुवईवरचा व्रण अजून आहे. त्यामुळे ज्यांच्या गोळ्या झटके, रक्तदाब, रक्त पातळ करणं असल्या कामासाठी आहेत त्यांनी माझ्यासारखा शहाणपणा करू नका.

डॉक्टरांनी डोस उतरवला. पाच-सहा महिन्यांनी केस भरले आणि गंमत म्हणजे कुरळे आले. आयुष्यभर सरळसोट केस होते माझे. या औषधाने असं होतं म्हणे कधीकधी. जुन्या मैत्रिणी विचारतात, कुठे करून घेतलंस?

औषधवाला

वीस वर्षं गोळ्या देतोय, म्हणून भर घालतो. मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन, सोरायसिसचं ॲसिट्रेटिन, मनोविकारावरचं लिथियम, रक्त पातळ करणारी वॉरफरिन आणि हेपॅरिन, रक्तदाबाचे काही बीटा ब्लॉकर, या सगळ्यांनी केस गळू शकतात. थायरॉइडचं तर त्रांगडं आहे. थायरॉइड कमी झालं तरी केस जातात आणि गोळी सुरू केल्यावर पहिले काही महिनेही जातात, मग माणूस गोळीलाच शिव्या देतो. बहुतेक औषधांनी गेलेले केस मुळासकट मेलेले नसतात, डोस बदलला किंवा औषध बदललं की परत येतात. बदल मात्र लिहून देणाऱ्याकडूनच करून घ्या.

रात्रपाळी

फिनास्टेराइड १ मिग्रॅ. वय एकोणतीस. खरं सांगायचं तर या गोळीने काम केलं. सहाव्या महिन्यापर्यंत गळणं थांबलं, वर्षाच्या फोटोत माथा भरलेला दिसतो. टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं डीएचटी हे संप्रेरक ती खाली आणते, आणि आमच्या छापाच्या टकलात केसांची मुळं बारीक करणारं तेच असतं.

पण तिसऱ्या महिन्यापासून दुसरीकडे सामसूम झाली. इच्छाच होईना. नाईट शिफ्ट, थकवा, अशी कारणं मीच शोधत राहिलो. बायकोला वाटलं तिचं काहीतरी चुकतंय. हे सगळ्यात वाईट होतं, केस-बिस त्यापुढे काही नाही. तीन महिन्यांनी एका रात्री तिला सगळं सांगितलं, दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो आणि गोळी बंद केली. पाच-सहा आठवड्यांत मी पूर्ववत. वर्षभरात डोकंही पूर्ववत.

उलटाभांग

रात्रपाळी, तुमच्या अनुभवाबद्दल शंका नाही. पण आकडे बघा. १ मिग्रॅच्या मूळ चाचण्यांत लैंगिक तक्रारी ३.८ टक्क्यांना झाल्या आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांतही २.१ टक्क्यांना झाल्या. २००७ सालचा एक अभ्यास आहे, प्रोस्टेट ग्रंथी वाढली म्हणून ५ मिग्रॅ घेणाऱ्यांवरचा. ज्यांना आधी सांगितलं होतं की असा त्रास होऊ शकतो त्यांच्यात ४३.६ टक्के लोकांनी तक्रार केली, ज्यांना सांगितलं नव्हतं त्यांच्यात १५.३. भीतीही दुष्परिणाम घडवते. मी सात वर्षं घेतोय, शून्य त्रास.

रात्रपाळी

मला कुणीच काही सांगितलं नव्हतं. पाकिटातला कागद मी गोळी बंद केल्यावर वाचला. मग?

उलटाभांग

मग तुम्ही त्या १५.३ मधले. मागे घेतो.

बिनफणी

या वादात मी नेहमी गप्प बसतो, आज लिहितो. माझा त्रास खाली नव्हता, वर होता. फिनास्टेराइडच्या दुसऱ्या वर्षात सकाळी उठून कपडे घालणंही डोंगरासारखं वाटायला लागलं. कारण नसताना रडू यायचं. एकदा पुलावर उभा राहून मी फार वेळ खाली बघत होतो. बहिणीने ओळखलं आणि हाताला धरून मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, कोणत्या गोळ्या चालू आहेत? ही गोळी मी यादीत सांगितलीही नव्हती. केसांची गोळी, ती काय औषधात मोजायची!

गोळी बंद करून, इतर उपचार घेऊन वर यायला चार-पाच महिने लागले. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२५ मध्ये फिनास्टेराइडच्या गोळ्यांचा दुष्परिणाम म्हणून आत्महत्येचे विचार नोंदवले. गोळी बंद केल्यावरही लैंगिक तक्रारी टिकून राहिल्याच्या नोंदी अमेरिकेतल्या लेबलवर २०१२ पासून आहेत. बहुतेकांना काही होत नाही, उलटाभांग यांचं बरोबर आहे. पण गोळी सुरू करणार असाल तर घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा. आपला स्वभाव बदललाय हे आपल्याला शेवटी कळतं.

अर्धचंद्र

बिनफणी, लिहिल्याबद्दल आभार. बहिणीला नमस्कार सांगा.

निवांत

वय सहासष्ट. टक्कल पस्तिशीतच पडलं, त्याचं सुतक संपलं. मी फिनास्टेराइड घेतो ते प्रोस्टेटसाठी, ५ मिग्रॅ. हे औषध मूळचं आमचंच हो. १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी मंजूर झालं आणि १९९७ मध्ये तुम्हा पोरांच्या केसांसाठी.

सांगायची गोष्ट वेगळीच आहे. माझा पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगाचा संशय बघायची रक्तचाचणी) २.४ आला, मी खूश. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाले, 'काका, हा आकडा दुप्पट करून वाचायचा. ही गोळी पीएसए निम्म्यावर आणते.' म्हणजे ४.८. पुढे तपासण्या झाल्या, सुदैवाने काही निघालं नाही. पण केसांची १ मिग्रॅची गोळीही हेच करते. पन्नाशीला आलेल्यांनी तपासणीच्या वेळी सांगायला लाजू नये. आमच्या चिरंजीवांनी लाजून लपवलं होतं.

चष्माकुठंय

निवांतकाका, रिपोर्टचा विषय निघालाच आहे तर माझं ऐका. केस गळतात म्हणून मी बायोटिन हे जीवनसत्त्व चालू केलं, चांगलं १० मिग्रॅचं. केसांना काडीचा फरक पडला नाही. पुढे थायरॉइड तपासलं तर टीएसएच तळाला, टी४ आभाळात. थायरॉइड जास्त झालं म्हणून घरात गंभीर वातावरण. मला ना धडधड, ना वजन कमी (तेवढं झालं असतं तर चाललं असतं). एका शहाण्या डॉक्टरने विचारलं, केसांसाठी काही घेता का? बायोटिन काही दिवस थांबवून पुन्हा रक्त दिलं, सगळं जिथल्या तिथे. बऱ्याच प्रयोगशाळांच्या चाचणी-रसायनांत बायोटिनच वापरलेलं असतं, रक्तातलं जास्तीचं बायोटिन त्यात घोटाळा करतं. हृदयविकाराच्या झटक्यात बघतात त्या ट्रोपोनिनचंही तसंच, तिथे तर आकडा खोटा कमी येऊ शकतो.

माझं लोहच कमी होतं, हे नंतर कळलं.

कुरळीकाठी

मी लिहू की नको असं करत होते. माझे केस केमोने गेले. पॅक्लिटॅक्सेल.

गळायच्या आधी दुखतं, हे कुणी सांगत नाही. दिवसभर घट्ट पोनीटेल बांधून संध्याकाळी सोडली की मुळं कशी ठणकतात, तसं अख्खं डोकं. उशीवर टेकवेना. सतराव्या दिवशी न्हाताना कपाळावरून हात मागे नेला आणि बट हातात आली. खेचली नव्हती, नुसती आली. मी ती साबणाच्या डबीवर ठेवली, परत लावायची असल्यासारखी. मग मुलीला हाक मारली. तिने ट्रिमर आणला. ती रडत नव्हती, मी रडत नव्हते, ट्रिमरचाच आवाज. मध्येच म्हणाली, 'आई, तुझ्या डोक्यावर तीळ आहे.' बावन्न वर्षांत मला माहीत नव्हतं.

डोक्याचं मनाशी ठरवलेलं असतं. भुवया आणि पापण्या जातात तेव्हा चेहरा पुसल्यासारखा होतो, आणि घाम थेट डोळ्यांत उतरतो. नाकातलेही केस जातात, त्यामुळे नाक न सांगता वाहतं. खिशात रुमाल हवाच.

माझ्याबरोबर एक ताई होत्या, त्यांनी डोकं थंड ठेवणारी टोपी वापरली. सलाइनच्या आधीपासून ते संपल्यानंतरही बराच वेळ घालावी लागते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, मुळांपर्यंत औषध कमी पोचतं. पहिली दहा मिनिटं कवटीत बर्फ ठोकल्यासारखं वाटतं म्हणाल्या. त्यांचे निम्म्याहून जास्त केस टिकले. सगळ्यांचे टिकत नाहीत.

शेवटच्या सलाइननंतर दीड महिन्याने जावळ आलं. अगदी बाळाचं असतं तसं, राखाडी, मऊ. मग कुरळं झालं. (भांगरेषा, आपण दोघी मिळून सलून काढू.) लिफ्टमध्ये एक बाई म्हणाल्या, काय छान शॉर्ट कट आहे. मी थँक्यू म्हटलं.

गुळगुळीत

मला चाई. आधी दाढीत नाण्याएवढी, मग डोक्यावर पाच. स्टिरॉइडची इंजेक्शनं घेतली चाईच्या जागी, दर पाच-सहा आठवड्यांनी. केस आले, पण दोन ठिकाणी कातडीला खळगा पडला, बोट फिरवलं की लागतो. तो हळूहळू भरला. नंतर सगळंच डोकं गेलं तेव्हा बॅरिसिटिनिब सुरू केलं. २०२२ मध्ये अमेरिकेत तीव्र चाईसाठी मंजूर झालेलं हे पहिलं पोटातून घ्यायचं औषध. आठ महिन्यांत भुवयांसकट परत आलो! मग नागीण झाली. हे औषध प्रतिकारशक्ती दाबतं, त्यात ही जोखीम असते. बंद केलं. तीन महिन्यांत पुन्हा गुळगुळीत. आयडी आधीचाच आहे, बदलायच्या विचारात होतो, बरं झालं बदलला नाही.

मोज्याचा_वळ

मिनॉक्सिडिल पोटातून, कमी डोस. केस छान. पण संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर खोल वळ, आणि जिना चढताना छातीत धडधड. हे मूळचं रक्तदाबाचं औषध, अंगावर केस वाढले म्हणून टकलाकडे वळवलं गेलं. डॉक्टरांनी डोस अर्धा केला, सूज गेली. गालावर लव आली आहे, ती चालवून घेते.

मांजरवाली

मिनॉक्सिडिल लावणाऱ्यांनो, घरात मांजर असेल तर बाटली कपाटात, आणि डोकं वाळेपर्यंत मांजर उशीवर नको. थोडंसं चाटलं तरी जिवावर बेततं. आमची वाचली, दोन रात्री दवाखान्यात काढून. तान्ही बाळंही लांब ठेवा. बापाच्या डोक्याचं औषध कातडीला लागून बाळाच्या अंगावर केस वाढल्याच्या नोंदी आहेत.

औषधवाला

अगदी. आणि फिनास्टेराइडची तुटलेली गोळी गरोदर बाईने हाताळू नये, पोटातल्या मुलाच्या जननेंद्रियांवर परिणाम होऊ शकतो. गोळी घेत असताना आणि बंद केल्यावर महिनाभर रक्तदानही करू नये, ते याच कारणाने.

नवीनआई

बाळ चार महिन्यांचं असताना मुठीमुठीने गेले. सगळ्यांनी काही ना काही सुचवलं, मी काहीच केलं नाही, कारण वेळच नव्हता. आता बाळ वर्षाचं आहे. कपाळाच्या कडेने दोन-दोन इंचांचे केस उभे राहतात, प्रत्येक फोटोत अँटेना.

अर्धचंद्र

सगळे वाचतोय. गुळगुळीत, तुमच्या आयडीवर हसलो, माफ करा. मांजरवाली, आमच्याकडे मांजर नाही, पण शेजारचं गॅलरीतून येतं आणि थेट माझ्या उशीवर बसतं. बाटली वरच्या फळीवर ठेवतो आणि उशीला झाकण घालतो. आणि हा धागा वाचता वाचता आज लावायचंच राहिलं. आलोच.