मदत हवी आहे: 'नेत-जू नो सुसुमे' (जपानी ॲनिमे) चौथ्यांदा बघून झालं, आता पुढे काय?

नोकरी सोडून घरी बसलेली तिशीची मोरिको, ऑनलाइन गेममधलं तिचं हायाशी नावाचं पुरुष पात्र आणि त्याच्याशी गोड बोलणारी लिली. 2017 ची सिरीज, जेमतेम दहा-अकरा भाग, रविवारच्या एका दुपारी उरकते. डोकं भणभणलं की मी हीच लावते.

मला त्यातलं अवघडलेपण फार आवडतं. साकुराई नावाच्या तरुणाचा चुकून कोपर लागतो, तेव्हा मोरिको कळवळण्याऐवजी अंगावरच्या गबाळ्या कपड्यांनीच जास्त ओशाळते. रात्री मात्र तीच बाई गेममध्ये बिनधास्त गप्पा मारते! मीही कधीकाळी गिल्डमध्ये (गेममधल्या टोळीत) पहाटे तीनपर्यंत जागलेय, त्यामुळे जरा जास्तच लागतं. (आई अजून म्हणते, "त्या डबड्यात काय ठेवलंय?")

तर, असंच काही सुचवा ना. पात्रं कमावती, तिशीच्या आसपासची हवीत. शाळेचे गणवेश नकोत. 'वोताकोई' बघून झालंय, ऑफिसातली मंडळी म्हणून आवडलं. 'यामादा-कुन, लेव्हल 999' पण पाहिलं, पण तिथे नायिका कॉलेजात आणि नायक अजून शाळेत, म्हणून माझं मन काही बसलं नाही.

रडारड, प्रेमात तिसरा कोणी वगैरे नको. शेवट गोड हवा. मांगा (जपानी कॉमिक) असेल तरी चालेल, फक्त पूर्ण झालेली सांगा, अर्धवट लटकायची आता ताकद नाही. आणि हो, कोणी काय होतं ते फोडू नका प्लीज.